अठरा जणांचं अंदमान: आधी बोट, मग हॉटेल

अंदमानला गटाने जायचं ठरलं की लोक हॉटेलांचे फोटो बघत बसतात. तिथे हॉटेल शेवटी ठरवावं. विमानाच्या तारखा पक्क्या झाल्या की आधी बेटांमधल्या बोटी, मग बाराटांगचा दिवस (जारवांच्या राखीव जंगलातून पोलिसांच्या ताफ्याने चुनखडीच्या गुहांकडे जाण्याचा), मग भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा, आणि या तिन्हींतून जे मुक्काम उरतील तिथे खोल्या घ्यायच्या. आमच्या गटात अठरा जण होते, सहा वर्षांच्या मुलापासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत. एवढ्या लोकांना सांभाळून न्यायचं तर याच क्रमाने जावं लागतं, कारण हॉटेल बदलता येतं, पण समुद्र आणि जंगलातला ताफा आपल्या सोयीने सरकत नाहीत.

आधी मोसमाविषयी. तिथे दोन पावसाळे. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे, आणि ते ओसरतात न ओसरतात तोच ऑक्टोबरपासून ईशान्येचे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. दिवाळीची सुट्टी म्हणून आपल्याकडचे बरेच गट नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघतात, पण बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होण्याचे तेच दिवस. डिसेंबर २०१६ मध्ये असाच पट्टा पुढे 'वरदा' चक्रीवादळ झाला. हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि त्यांना बाहेर काढायला नौदल, तटरक्षक दल आणि हेलिकॉप्टरं लागली. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी सगळ्यात नितळ. मुलांच्या परीक्षांमुळे एप्रिल हाच पर्याय उरत असेल तर तोही चालतो, फक्त उकाडा सोसण्याची तयारी ठेवावी.

नावांचा गोंधळ निघण्यापूर्वीच मिटवून टाकावा, कारण तिकिटावर एक नाव, ड्रायव्हरच्या तोंडी दुसरं आणि नकाशावर तिसरं असं होतं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम आहे. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये दिली गेली. बोलण्यात अजून जुनीच चालतात, म्हणून इथेही तीच वापरली आहेत. गटातल्या प्रत्येकाच्या कागदावर दोन्ही लिहून दिली की जेट्टीवर 'ही आपली बोट नाहीच' असा गलका होत नाही.

मुंबई-पुण्याहून जाणारे बहुतेक जण चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलतात. चेन्नईहून पुढे सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली घ्यावीत. वेगवेगळी घेतली आणि पहिलं उशिरा पोहोचलं तर दुसऱ्याची भरपाई कोणी देत नाही, आणि अठरा जणांना ऐनवेळी एका विमानात जागा मिळणं अवघडच. तिथे पोहोचल्यावर पहिली सवय बदलावी लागते ती घड्याळाची. घड्याळ भारताचंच, पण बेटं जवळजवळ ९३ अंश पूर्व रेखांशावर. जानेवारीत पावणेसहाच्या सुमाराला सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला अंधारायला लागतं. मुंबईत त्या दिवसांत सूर्योदय सातनंतर होतो. म्हणून 'नाश्ता करून नऊला निघू' हा आपला नेहमीचा बेत तिथे अर्धा दिवस खातो. साडेसहाला गाडीत, अकरापर्यंत पाण्यातलं काम उरकून, दुपारी सावलीत, आणि चारला किनाऱ्यावर, असा दिवस बसवला की सगळं निवांत होतं.

आता बोटी. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या त्रिकोणात सरकारी फेऱ्या आणि खासगी कॅटमरान (जोड-सांगाड्याच्या वेगवान बोटी) अशा दोन्ही चालतात. खासगी बोटी हॅडो धक्क्यावरून सुटतात, सरकारी फिनिक्स बे जेट्टीवरून. ही दोन ठिकाणं वेगळी आहेत. गटाच्या दोन गाड्या दोन धक्क्यांवर जाऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला तिकीटच दाखवावं. कॅटमरान हॅवलॉकला साधारण दीड तासात पोहोचते, सरकारी बोटीला दोन ते अडीच तास लागतात. सरकारी तिकीट बरंच स्वस्त, आणि डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो, उडणारे मासे दिसतात. पण तिथे बेटावरच्या रहिवाशांना प्राधान्य असतं, ते असायलाच हवं, आणि मोठ्या गटाला एकगठ्ठा जागा मिळतीलच असं नाही. म्हणून मोठ्या गटाने खासगी बोट आधी धरावी. तिकिटाला नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो. आम्ही एकच तक्ता केला होता: आधारप्रमाणे नाव, वय, क्रमांक, रक्तगट, चालू औषधं. हाच तक्ता बोटीला, बाराटांगच्या फॉर्मला, हॉटेलला आणि स्कुबाच्या कागदांना कामी येतो. नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच लिहावं. लग्नाआधीचं आडनाव विमानाच्या तिकिटावर आणि नंतरचं बोटीच्या, असं झालं की फाटकावर थांबवतात.

बोट सुटण्याआधी तासभर धक्क्यावर हजर राहायचं असतं. सामान स्कॅन होतं आणि वजनाची मर्यादा माणशी वीस-पंचवीस किलोंच्या घरात असते. मोठ्या बॅगा खाली रचल्या जातात, त्यामुळे औषधं, पाणी, टॉवेल आणि मुलांचे कपड्यांचे एकेक जोड हातातल्या पिशवीत ठेवावेत. कॅटमरानचं केबिन बंद आणि वातानुकूलित असतं, आणि बोट लागायला हेच निम्मं कारण. डोळ्यांना समोरची खुर्ची स्थिर दिसते, कानाला हेलकावे कळतात, आणि मेंदूचा ताळमेळ सुटतो. मधल्या किंवा मागच्या भागातल्या, खिडकीजवळच्या जागा घ्याव्यात. पुढच्या टोकाकडे बोट सगळ्यात जास्त उसळते. एव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटण्याच्या एक-दोन तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. पोट रिकामं ठेवणं हा उपाय मुळीच नव्हे. कोरडी चपाती, भडंग, आल्याची वडी असं काहीतरी पोटात हवं, फक्त चहा आणि तळलेलं टाळावं.

बेटांचा क्रम आम्ही पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर आणि शेवटी बाराटांग असा लावला. त्यामागे दोन कारणं. हवा बिघडली तर पहिल्यांदा बंद होतात बोटी. नीलवरून परतीची बोट रद्द झाली तर बाराटांगचा दिवस कापून घेता येतो आणि विमान चुकत नाही. बेटावरून आल्या दिवशीच दुपारचं विमान, असे बेत सर्रास विकले जातात. ते घेऊ नयेत. दुसरं कारण स्कुबाचं. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायच्या आत विमानातल्या कमी दाबात गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि एकाहून जास्त केल्या तर अठरा तास विमान नको, असा नेहमीचा दंडक आहे. पूर्ण दिवस सोडणं उत्तम. पाण्यातलं सगळं आधी आणि जंगल नंतर ठेवलं की हा प्रश्नच उरत नाही. वारही बघून घ्यावेत. रॉस बेट बुधवारी बंद असतं, बाराटांगच्या गुहा सोमवारी. निघण्यापूर्वी एकदा फोन करून खात्री करावी, वार बदलू शकतात.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. मराठी गटाला तिथे थांबावंसं वाटतं, आणि सहलीच्या आखणीत त्याला पाऊण तास दिलेला असतो. किमान अडीच तास ठेवा. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या सात पाखांपैकी (इमारतीच्या विंग) आज तीनच उभी आहेत. कोठडी साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, आणि उजेडाला तीन मीटर उंचीवर एक झरोका. प्रत्येक पाखाचं तोंड पुढच्या पाखाच्या पाठीकडे असल्यामुळे एका कैद्याला दुसरा दिसत नसे. हे आवारात उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी इथे आणले गेले आणि १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवर परत नेलं. त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच होते. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. जिने अरुंद आणि पायऱ्या उंच आहेत, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांना सकाळी, गर्दीच्या आधी, एकेका मजल्यावर थांबवत वर न्यावं. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधी काढावी लागतात, आणि हिंदी व इंग्रजी खेळ वेगळे असतात हे तिकीट काढताना बघावं.

हॅवलॉक-नीलचा खरा मालक म्हणजे भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तिथलं गणित घेऊन अंदमानात जाऊ नये. तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्याचा. पोर्ट ब्लेअरच्या वेळा वेगळ्या. छापील किंवा ऑनलाइन तक्ताच घ्यावा. नियम मात्र तेच: दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउतार. उधाणाला पाण्याच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. मुंबईच्या मानाने हे कमीच, पण इथला तळ उथळ आणि प्रवाळांचा असल्यामुळे तेवढ्यात सगळं चित्र बदलतं.

नीलवरचा खडकाचा नैसर्गिक पूल फक्त ओहोटीला गाठता येतो. वाटेत ओले, शेवाळलेले प्रवाळखडक आणि पाण्याची डबकी. त्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे दिसतात आणि मुलं तिथून हलत नाहीत. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी चढायला लागलं की परतायचं. भरपूर पकड असलेले सँडल हवेत. चप्पल घालून गेलेल्या माणसाला अर्ध्या वाटेवरून मागे फिरावं लागतं. याच्या उलट भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट पाणी पुरेसं असतानाच चालते. म्हणून सकाळी ओहोटी असेल तर आधी पूल आणि मग भरतपूर, नाहीतर उलट. हॅवलॉकचा विजयनगर म्हणजे पाच नंबरचा किनारा ओहोटीला शेकडो पावलं उघडा पडतो. 'समोर समुद्र' म्हणून घेतलेल्या खोलीसमोर दुपारी चिखल आणि खडक दिसतात. पोहण्यासाठी राधानगर, म्हणजे सात नंबरचा किनारा, केव्हाही बरा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना वसवताना गावांना दिलेले हे नंबर आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत.

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीने जाता येतं, वीसेक मिनिटांत, किंवा जंगलातून पायी. पायवाट साधारण दोन किलोमीटरची. आधी उंच झाडांखालून उतार, शेवटी तिवरांची मुळं आणि चिखल. पाऊस झाला की बंद ठेवतात. स्थानिक वाटाड्या घ्यावाच. आम्ही चालू शकणाऱ्यांना पायी आणि बाकीच्यांना बोटीने पाठवलं, आणि परतताना सगळे बोटीने आले. बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, तेव्हा ज्यांना ते जमणार नाही त्यांनी आधीच सांगावं. स्नॉर्केलिंगमध्ये नवख्यांची पहिली तक्रार 'मास्कमध्ये पाणी जातं' ही. कारणं तीनच: रबराच्या कडेखाली आलेले केस, जाड मिशा, आणि घाबरून नाकाने घेतलेला श्वास. केस मागे घ्यायचे, मिशीवर व्हॅसलीन लावायचं आणि किनाऱ्यावर उभ्या उभ्या पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घेण्याचा सराव करायचा. पट्टा जास्त आवळला तर गळती वाढते, कारण रबर वाकतं. काच धुक्याने भरू नये म्हणून आत थुंकी चोळून खळाळायची. सगळे पाणबुडे हेच करतात. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आधी विचारून ठेवावा.

प्रवाळावर पाय ठेवू नये हे इतक्यांदा सांगितलं जातं की ऐकूच येत नाही. का, ते सांगितलं तर ऐकतात. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. फांदी वर्षाला काही सेंटिमीटर वाढते, आणि दगडासारखे गोल प्रवाळ तर त्याहून कितीतरी सावकाश. दमलेला माणूस टेकायला जागा शोधतो आणि जे हाताशी येतं त्यावर उभा राहतो. म्हणून प्रत्येकाला रिंग किंवा लाइफ जॅकेट हवं, पोहता येत असलं तरी.

स्कुबाला पोहता यावं लागत नाही, पण आरोग्याचा फॉर्म खरा भरावा लागतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांत नकार येतो आणि तो योग्य असतो. वयाची अट साधारण दहा वर्षांची. साधी सर्दीही पुरेशी अडचण आहे: खाली जाताना दर मीटरला नाक दाबून कानांत हवा भरावी लागते, आणि चोंदलेल्या नाकाने ती भरत नाही. कान दुखला की थांबायची खूण करायची आणि थोडं वर यायचं. सोसत खाली गेलं तर पडद्याला इजा होते.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. काही किनाऱ्यांवर जाळी लावून पोहण्याची जागा आखली आहे, जीवरक्षक असतात. खाडीच्या मुखाशी, तिवरांच्या कडेला आणि संध्याकाळनंतर पाण्यात उतरायचं नाही, एवढं पाळलं तर भीती बाळगण्याचं कारण नाही. रोजचा त्रास मात्र वाळूतल्या बारीक माश्यांचा. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर बसलं की पोटऱ्यांवर पुरळ उठतं आणि आठवडाभर खाजतं. अंगावर खोबरेल तेलाचा जाड थर आणि बसायला चटई, हा सोपा उपाय.

आता बाराटांग. हा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. पोर्ट ब्लेअरपासून जिरकाटांगचं नाकं पंचेचाळीसेक किलोमीटरवर. तिथून पुढे सुमारे पन्नास किलोमीटर रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि गाड्या पोलिसांसोबत ताफ्यानेच सोडतात. पहिला ताफा सहाच्या सुमाराला, मग दिवसभरात ठरावीक वेळा. पहिला चुकला तर दिवस आटोपत नाही, कारण परतीचा शेवटचा ताफा दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला असतो. फॉर्म ड्रायव्हर भरतो. प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स आदल्या रात्रीच त्याच्याकडे द्यावी. नाक्यावर चहा, इडली आणि स्वच्छतागृह आहे. पुढचे दीड-दोन तास गाडी कुठेही थांबत नाही, तेव्हा लहान मुलांना आणि मधुमेह असलेल्यांना तिथे उतरवावंच.

ताशी चाळीसची मर्यादा, ओव्हरटेक नाही, काचा बंद, फोटो नाही, खायला देणं नाही. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमाखाली हे गुन्हे आहेत आणि तुरुंगवास होऊ शकतो. जारवांची संख्या काही शेकड्यांत आहे. बाहेरच्या माणसांशी संपर्क वाढल्यावर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. आपल्याला किरकोळ वाटणारा आजार त्यांच्यासाठी काय ठरू शकतो ते यावरून कळावं. 'जारवा दिसतील का' हा प्रश्न गटात कुणीतरी विचारतंच. निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं की हा त्यांच्या घरातून जाणारा रस्ता आहे, आपण बघायला निघालो आहोत ती गुहा आणि तिवरांची खाडी. फोन बॅगेत, बॅग मागे. एवढंही ज्यांना पटत नाही, किंवा या रस्त्याने जाणंच ज्यांना नको वाटतं, त्यांच्यासाठी चिडिया टापूचं जंगल आहे, माउंट मणिपूर (पूर्वीचं माउंट हॅरिएट) आहे; पडौक आणि गर्जनची झाडं तिथेही आहेत आणि पहाटे तीनला उठावं लागत नाही.

जंगलातला रस्ता संपतो त्या मिडल स्ट्रेटच्या खाडीवर गाड्या आणि माणसं एकाच तराफ्यावरून पलीकडे नीलांबूर जेट्टीला जातात. तिथे परवाना काढून फायबरच्या लहान बोटी घ्यायच्या, बोटीला साधारण दहा जण, लाइफ जॅकेट सक्तीचं. अठरा जणांच्या दोन बोटी होतात. प्रत्येकीत धडधाकट माणसं आणि वयस्क अशी वाटणी करावी, सगळे तरुण एका बोटीत नकोत. अर्ध्या तासाचा प्रवास खुल्या खाडीतून, आणि शेवटी तिवरांच्या कमानीखालच्या अरुंद फाट्यातून. पुढे दीडेक किलोमीटर चालणं: शेताच्या कडेने, मग झाडीतून, ओबडधोबड चढउतार, दमट हवा. माणशी लिटरभर पाणी आणि टोपी हवी. गुहेत अंधार आणि निसरडं. दोन-तीन जणांमागे एक बॅटरी पुरते, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये. चुनखडीच्या लोंबत्या सुळक्यांना हात लावायचा नाही, कारण त्वचेचं तेल लागलेल्या जागी पाण्यातला चुना धरत नाही आणि वाढ थांबते. ज्यांना चालवत नाही त्यांनी जेट्टीवर सावलीत थांबावं. बोटीचा प्रवास त्यांनीही करावा, तोच या दिवसाचा उत्तम भाग आहे. चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे बुडबुडणारा राखाडी चिखल. वेळ उरला तरच.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी: २०२० मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, तरी हॅवलॉक-नीलवर रेंज जाते आणि ऑनलाइन पैसे अडकतात. गटाच्या खर्चाची रोख पोर्ट ब्लेअरलाच काढून दोघांकडे विभागून ठेवावी. जेवणाची ऑर्डर चार तास आधी द्यावी. अठरा थाळ्या छोट्या हॉटेलात आयत्या वेळी होत नाहीत. शाकाहारी जेवण मिळतं, भाजी मात्र ठरावीकच.

परतताना विमानतळावर सामान तपासताना शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे शोधले जातात. किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी प्रवाळ नेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते येतं. दुकानातून घेतलेल्या शिंपल्यांच्या वस्तूंची पावती हाताशी ठेवावी. आणि बॅगा बंद करण्याआधी मुलांचे खिसे एकदा तपासावेत.